खाऱ्या वाऱ्यातलं रंगकाम: रंगाआधीच्या तयारीचे प्रश्न

रंगकामाबद्दल आलेल्या पत्रांत बहुतेकांनी 'कुठला रंग घ्यावा' असं विचारलं आहे. पण तक्रारीचं वर्णन वाचलं की दोष रंगाच्या खाली असल्याचं कळतं. भिंत ओली होती, लोखंडावर मीठ राहिलं होतं, किंवा लाकूड नीट वाळलं नव्हतं. किनाऱ्यावरच्या घराला पाणी आणि मीठ या दोघांचा बंदोबस्त आधी करावा लागतो, डब्याची निवड नंतर. म्हणून या वेळी फक्त तयारीबद्दलची पत्रं घेतली आहेत.

आमचं घर चिऱ्याचं, आजोबांच्या वेळचं. सहा वर्षांपूर्वी आतून सिमेंटचा गिलावा करून पुट्टी भरली आणि प्लास्टिक पेंट दिला. दर पावसात माजघराच्या भिंतीला खालून तीन फुटांपर्यंत फुगे येतात, पोपडे पडतात, पांढरी भुकटी फुटते. दोनदा खरवडून पुन्हा पुट्टी केली. आता पेंटरदादा म्हणतात, तेवढ्या पट्ट्याला ऑइलपेंट मारू, ओल आतच राहील. मारावा का?
*(गुहागर)*

मारू नका. ओल आत राहील हे खरं, आणि नेमकं तेच नको आहे. चिरा म्हणजे जांभा, आणि तो सच्छिद्र दगड आहे. जुन्या घरांचा पाया बहुधा मातीत रचलेला असतो आणि त्यात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी चिऱ्यातून आणि सांध्यातून वर चढतं, येताना विरघळलेले क्षार घेऊन येतं. पृष्ठभागाशी पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच स्फटिक होऊन बसतात. स्फटिक वाढताना पुट्टीला मागून ढकलतात. तुम्हाला दिसणारी पांढरी भुकटी म्हणजे तो लोणा. वरून ऑइलपेंटचं झाकण घातलं तर पाण्याला बाहेर पडायला जागा उरत नाही, ते आणखी वर चढतं आणि तीन फुटांची ओल साडेचार फुटांवर दिसू लागते. शिवाय ओल्या सिमेंटमधल्या अल्कलीमुळे ऑइलपेंटमधल्या तेलाचा साबण होतो. तो थर मऊ, चिकट पडतो आणि सालपटासारखा निघतो.

आधी ओल कुठून येते ते नक्की करा. जमिनीतून येणारी ओल खालून सुरू होते, तिची वरची कड साधारण आडव्या रेषेत असते आणि ती आतल्या भिंतींनाही दिसते. पावसाची झड लागून येणारी ओल पश्चिमेच्या किंवा नैऋत्येच्या भिंतीलाच असते, मधेच डागासारखी उमटते. कौलातून गळणारं पाणी वरून खाली ओघळतं. शंका असेल तर दीड फूट लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा आणि २४ तासांनी बघा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला असतील तर ती हवेतली दमट वाफ आहे.

आता बाहेर जा आणि जोतं बघा. अलीकडे अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायची लाट आली आहे. जुन्या अंगणावर खडी, तिच्यावर वाळू, तिच्यावर ब्लॉक असं करत अंगण सहा-आठ इंच वर येतं आणि जोत्याला टेकतं. मग पागोळीचं पाणी थेट भिंतीत शिरतं. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा किमान सहा इंच खाली हवी आणि उतार घरापासून दूर जाणारा हवा. पन्हळ नसेल तर बसवा. निदान पागोळी पडते तिथे खडीचा दीड-दोन फूट रुंद पट्टा करा, म्हणजे शिंतोडे भिंतीवर उडणार नाहीत. एवढं केल्याशिवाय आतला एक रुपयाही खर्च करू नका.

आतलं काम पाऊस संपल्यावर लगेच सुरू करा, पण ते फक्त तोडण्याचं. ओलीच्या रेषेच्या वर एक फुटापर्यंतचा सिमेंटचा गिलावा पूर्ण काढा. चिऱ्यांमधले सांधे पाऊण इंच खोल खरवडून घ्या. भिंत उघडीच ठेवा, डिसेंबर-जानेवारीत खिडक्या उघड्या ठेवून वारा खेळू द्या. या काळात लोणा जोरात फुटेल, आणि तो फुटू द्यायचाच आहे. दर आठ-दहा दिवसांनी कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत भरा आणि घराबाहेर टाका. पाण्याने धुऊ नका, विरघळलेला क्षार पुन्हा आत जातो. सलग दोन-तीन वेळा झाडायला काही उरलं नाही की पुढचं काम घ्या. जाड चिऱ्याची भिंत यासाठी तीन-चार महिने सहज घेते.

पुन्हा गिलावा करायचा तो चुन्याचा. पिशवीतला विरी गेलेला (आधीच पाण्याने विझवलेला) चुना रात्रभर पाण्यात भिजवून लोण्यासारखा करा. त्याचा १ भाग आणि गोड्या पाण्यात धुतलेली, चाळलेली वाळू ३ भाग. खाडीची वाळू न धुता वापरली तर नवीन गिलाव्यातच मीठ घातल्यासारखं होईल. लावण्याआधी चिऱ्यावर पाणी मारा, नाहीतर कोरडा चिरा गिलाव्यातलं पाणी ओढून घेतो आणि गिलावा भुसभुशीत राहतो. पहिला थर १० ते १२ मिलिमीटर, तो घट्ट झाला की दुसरा ६ ते ८ मिलिमीटर. आठवडाभर हलक्या फवाऱ्याने दमट ठेवा. त्यावर पुट्टी नाही, प्लास्टिक पेंट नाही, फक्त चुन्याचे पातळ हात. ओल थोडी येत राहिली तरी चुन्यातून ती श्वासासारखी निघून जाईल. चार-पाच वर्षांनी थोडी भुकटी पडली तर झाडून पुन्हा एक हात द्यायचा, तोडफोड नाही.

नवीन घराच्या खिडक्यांना लोखंडी ग्रिल बसवलं. फॅब्रिकेटरने रेडऑक्साइड मारून दिलं होतं, त्यावर आम्ही दोन हात ऑइलपेंट दिला. समुद्र घरापासून पाव किलोमीटरवर. वर्ष व्हायच्या आत जोडांपाशी तांबेरा आला आणि रंग फुगला. रंग बदलावा का?
*(देवगड)*

रंग बदलून फरक पडणार नाही. तुमच्या वर्णनात गंज जोडांपाशी आलाय, ही महत्त्वाची खूण आहे. वेल्डिंग झाल्यावर जोडावर काचेसारखी कडक खपली आणि बारीक मणी राहतात. ते ठोकून काढले नाहीत तर प्रायमर खपलीवर बसतो, लोखंडावर नाही. खपली तडकली की खालचं लोखंड उघडं पडतं. दुसरं म्हणजे नव्या पट्टीवर निळसर-काळी साल असते. ती गुळगुळीत आणि पक्की दिसते, पण पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात सुटते आणि रंग घेऊन सुटते. तिसरं, तयार ग्रिलवरचा रेडऑक्साइड बऱ्याचदा रॉकेल घालून पाण्यासारखा पातळ केलेला असतो. तो तेलकट राहतो आणि नीट धरत नाही. रेडऑक्साइड हा उघड्यावर राहणारा रंग नव्हे. त्यावर चार-आठ दिवसांत वरचे हात द्यायला हवेत, आणि ते झाकेपर्यंत ग्रिल अंगणात पडून राहिलं तर त्यावर खारं बसतंच.

मीठ डोळ्यांना दिसत नाही. ते रंगाखाली राहिलं की हवेतलं पाणी ओढतं आणि फोड येतात. म्हणून पहिलं काम घासण्याचं नाही, धुण्याचं.

गोड्या पाण्यात थोडा भांड्यांचा साबण घालून ब्रशने सगळं ग्रिल धुवा आणि भरपूर पाण्याने खळखळून काढा. वाळू द्या. सुटणारा रंग पत्तीने खरवडा, गंज तारेच्या ब्रशने, मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने. ग्राइंडरला तारेची वाटी लावली तर काम लवकर होतं, पण चष्मा हवाच, त्या तारा उडतात. जोडावरची खपली छिन्नीने उडवा. मग पुन्हा धुवा, फडक्याने पुसा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी बघा. स्वच्छ केलेल्या लोखंडावर सगळीकडे सारखी फिकट पिवळट झाक असेल तर ती साधी, १२० नंबरने निघते. पण खड्ड्याखड्ड्यांत गडद, ओलसर टिपके उमटले असतील तर तिथे मीठ आहे. तेवढा भाग पुन्हा घासा, पुन्हा धुवा. कधी कधी तीनदा करावं लागतं. हीच पायरी सगळे गाळतात, आणि किनाऱ्यावर टिकण्या-न टिकण्याचा निम्मा फरक इथेच पडतो.

गंज कन्व्हर्टरबद्दल, म्हणजे गंजाचा काळा थर करणाऱ्या द्रवाबद्दल, अनेक जण विचारतात. खड्ड्यात उरलेल्या पातळ गंजावर तो उपयोगी आहे. जाड पापुद्र्यावर ओतला तर वरचा थर काळा होतो आणि खालचा गंज तसाच राहतो. बाटलीवर लिहिल्याइतका वेळ द्या, जास्तीचा ओला भाग पुसून काढा.

प्रायमर त्याच दिवशी द्या. सकाळी दहाच्या आत सुरू करू नका, कारण हिवाळ्यात लोखंडावर दहिवर असतं आणि ते बोटाला जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो. दुपारी चारच्या पुढेही नको. आधी अर्ध्या इंची ब्रशने फक्त कडा, जोड, स्क्रू आणि खालची बाजू रंगवून घ्या, कारण कडेवरून रंग मागे सरतो आणि तिथे थर सर्वात पातळ राहतो. मग सगळीकडे एक हात, दुसऱ्या दिवशी दुसरा. ब्रशने दिलेला एक हात वाळल्यावर ३० मायक्रॉनच्या आसपास भरतो. छपाईचा साधा कागद साधारण १०० मायक्रॉनचा असतो, म्हणजे एक हात कागदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. घासलेल्या लोखंडाची टोकं त्यातून वर डोकावतात. म्हणून प्रायमरचे दोन हात कमीत कमी. पातळ करायला मिनरल टर्पेंटाइन, तेही शंभराला पाच-दहा.

समुद्राच्या इतक्या जवळ आम्ही साध्या रेडऑक्साइडपेक्षा झिंक फॉस्फेटचा दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर सुचवू. दोन्ही डबे डब्यावरच्या प्रमाणातच मिसळायचे, अंदाजाने नाही. मिसळून सांगितलेला वेळ, बहुधा १५ ते ३० मिनिटं, थांबायचं आणि मग लावायचा. काही तासांत डब्यातच घट्ट होतो, म्हणून लागेल तेवढाच करा. मात्र जुन्या ऑइलपेंटवर तो देऊ नका. त्यातला थिनर जुना रंग सुरकुतवून उचलतो. पूर्ण उघडं लोखंड असेल तरच. इपॉक्सी उन्हात भुकटी सोडतो, त्यामुळे वर बाहेरचा रंग लागतोच.

ग्रिलची खालची पट्टी कट्ट्यात बसते तिथे फट असेल तर सीलंट भरा आणि कट्ट्याला बाहेर उतार द्या. पाणी साचत राहिलं तर वरचं सगळं वाया.

बंगल्याचा गिलावा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण होतोय. बिल्डर म्हणतात, पंधरा दिवसांत पुट्टी-प्रायमर-रंग सगळं उरकून पावसाआधी चावी देतो. चालेल का? आणि प्रायमर पुट्टीच्या आधी की नंतर? १० बाय १२ च्या खोलीला किती माल लागतो?
*(अलिबाग)*

पंधरा दिवस कमी आहेत. गिलाव्यावर सात ते दहा दिवस पाणी मारायचं असतं, त्यानंतर किमान २८ दिवस वाळू द्यायचा. नवीन सिमेंट तीव्र अल्कली असतं, सामू १२-१३ च्या घरात. ते वाळून शांत व्हायच्या आत रंग दिला तर रंगाचे डाग पडतात, छटा फिकी होते. त्यामुळे मे महिन्याच्या मध्याला पुट्टी सुरू होईल. आतलं काम पुट्टी आणि प्रायमरच्या एका हातापर्यंत नेऊन पावसाळ्यात तिथेच थांबवा आणि शेवटचे हात दिवाळीनंतर घ्या. बाहेरच्या भिंतींना प्रायमर आणि रंगाचा एक हात पावसाआधी मिळाला पाहिजे, उघडा गिलावा पावसात सोडू नका. बिल्डरशी हे लेखी ठरवा.

क्रम पुट्टीवर अवलंबून आहे. पांढऱ्या सिमेंटची पावडर पुट्टी असेल तर खाली प्रायमर नको. भिंत घासून, झाडून, हलकं पाणी मारून थेट पुट्टी लावा, तिला धरायला ओल लागते. डब्यातली तयार ॲक्रिलिक पुट्टी असेल तर आधी प्रायमर, मग पुट्टी, मग पुन्हा प्रायमर. किनाऱ्यावर पावडरवालीच घ्या.

तुमच्या खोलीचा हिशोब असा. भिंती १० फूट उंच धरल्या तर घेर ४४ फूट, म्हणजे ४४० चौरस फूट. दार-खिडक्यांचे ४५-५० वजा केले की साधारण ३९०, अधिक छताचे १२०. एकूण ५१० च्या आसपास. ४० किलोची एक पिशवी दोन हातांत चारशे-पाचशे चौरस फूट करते. गिलावा खडबडीत असेल तर त्याहून कमी. म्हणून सव्वा ते दीड पिशवी धरा. पुट्टीवर पाण्यातला प्रायमर लिटरला १०० ते १२० चौरस फूट जातो, एका हाताला पाच लिटर पुरतो.

एक किलो पुट्टीला ३५० ते ४०० मिलिलिटर गोडं पाणी. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर वापरू नका. पुट्टी पाण्यात टाकून दहा मिनिटं घोटा, गुठळी राहता कामा नये. दोन-तीन तासांत संपेल एवढीच कालवा. घट्ट झालेल्या पुट्टीत पुन्हा पाणी घालून वापरलेली भिंत नंतर हात लावला की पांढरी होते. दोन्ही हात मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या वर नको. भिंत वाकडी असेल तर ती गिलाव्याने सरळ करायची, पुट्टीने नाही. घासून झाल्यावर भुकटी ओलसर फडक्याने पुसा. त्या भुकटीवर दिलेला प्रायमर भुकटीलाच चिकटतो. घासताना नाकाला साधा रुमाल पुरत नाही, मास्क लावा.

पश्चिमेची बाहेरची भिंत दर पावसानंतर काळी-हिरवी होते. दरवर्षी वरून एक हात देतो, तरी पुढच्या वर्षी तेच.
*(वेंगुर्ले)*

शेवाळ मारल्याशिवाय वर रंग दिला तर ते रंगाखाली जिवंत राहतं आणि त्याच्यातून वर येतं. नोव्हेंबरात भिंत कोरडी असताना आधी ताठ ब्रशने जाड थर काढा. मग १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर ढवळून गाळ बसू द्या आणि वरची निवळी वापरा. खालून वर लावत जा, म्हणजे ओघळांचे पट्टे पडत नाहीत. १५-२० मिनिटं ओलं राहू द्या, घासा आणि भरपूर गोड्या पाण्याने धुवा. रबरी हातमोजे आणि चष्मा घाला. ग्रिल, नळ आणि झाडं आधी प्लास्टिकने झाका, क्लोरीन लोखंडाला फार वाईट. ब्लीचिंगमध्ये ॲसिड किंवा संडास धुण्याचं द्रव कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. हे आम्ही मुद्दाम ठळकपणे सांगतोय, कारण दोन्ही बाटल्या एकाच मोरीत असतात.

भिंत आठवडाभर वाळली की तळहात घासून बघा. हाताला पांढरं लागलं तर जुना रंग भुकटी सोडतोय. तो सुटेल तेवढा काढा आणि बाहेरचा प्रायमर द्या. चरे असतील तर व्ही आकारात रुंद करून चऱ्यासाठीचा फिलर भरा. बाहेरच्या भिंतीला आतली पुट्टी अजिबात नको.

आणि पावसाळ्यात झडीच्या बाजूला झाप बांधायची जुनी रीत सोडू नका. नारळाचे झाप असोत की जाड कापड, भिंतीपासून थोडं अंतर ठेवून बांधलं तर हवा खेळते आणि भिंत निम्मी कोरडी राहते.

दर्शनी दार सागाचं, जुना ऑइलपेंट जागोजागी तडकलाय. पावसात दार फुगून अडकतं. कसं तयार करावं?
*(राजापूर)*

दार बिजागऱ्यांतून काढून आडवं ठेवा. उभ्या दाराची तळकड रंगवता येत नाही आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं. लाकडाचे तंतू तिथे उघडे असतात, नळ्यांच्या टोकांसारखे. फुगण्याचं कारण बहुधा तेच. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या, लाकूड तेव्हा सर्वात कोरडं असतं. फुगलेलं दार पावसातच रंधू नका, उन्हाळ्यात फट पडेल.

जुना रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. पाणी लावून वॉटर पेपरने घासा, लहान मुलांना लांब ठेवा, खरवड गोळा करून बांधून टाका, परसात झाडू नका. उघड्या सागावरून थिनरचं फडकं फिरवा, सागाचं अंगचं तेल प्रायमरला धरू देत नाही. गाठी असतील तर त्यांवर चपडीचा (लाखेच्या पॉलिशचा) हात.

मग लाकडाचा प्रायमर, पहिला हात थोडा पातळ, तळकड आणि वरच्या कडेला दोनदा. लांबी, म्हणजे लाकडाच्या भेगा भरायची पुट्टी, प्रायमरनंतरच भरायची. कोरड्या लाकडावर भरली तर लाकूड तिच्यातलं तेल पिऊन टाकतं आणि लांबी सुकून गळते. चॉक पावडर, थोडा प्रायमर आणि बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) एकत्र करून पोळीच्या कणकेइतकी घट्ट मळा. वाळल्यावर घासा, प्रायमरचा दुसरा हात, मग रंगाचे दोन. बेलतेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळवा.

फायबरची नवी होडी. तळाला रंग दिला, तो पहिल्याच हंगामात पातीपातीने निघाला.
*(हर्णै)*

साच्यातून होडी सुटावी म्हणून साच्याला मेण लावलेलं असतं आणि ते होडीवर उतरतं. पाणी शिंपडून बघा. पाण्याचे मणी झाले तर मेण आहे, सपाट पसरलं तर नाही. मेण असताना पॉलिश पेपर फिरवला तर ते ओरखड्यांत दाबलं जातं, म्हणून आधी थिनर आणि दोन फडकी. एकाने ओलं करायचं, ते सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्याने पुसायचं, फडकी बदलत राहायचं. पाणी सपाट पसरू लागलं की ८० ते १२० नंबरने सगळी चकाकी घालवा. मास्क आणि पूर्ण बाह्या हव्यात, काचेचे तंतू अंगात शिरतात. मग इपॉक्सी प्रायमर, त्यावर कंपनीने सांगितलेल्या वेळातच शेवाळरोधक रंग. वेळ टळली तर तो पुन्हा सुटतो. जुन्या होडीवर फोड दिसले तर फोडून बघा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर तो भाग घासून उघडा करा, गोड्या पाण्याने धुवा, काही आठवडे वाळवा आणि इपॉक्सी फिलरनेच भरा. पावसाळी बंदीत होडी ताडपत्रीखाली असते तो वेळ यासाठी सोयीचा, मात्र ताडपत्री दोन्ही टोकांना उघडी ठेवा.

पडवीवरचा नवा जस्ती पत्रा. ऑइलपेंट सहा महिन्यांत कागदासारखा सुटला.
*(मालवण)*

जस्त आणि ऑइलपेंटमधलं तेल यांचा संयोग होऊन मधे साबणासारखा थर बनतो. साबणाच्या पाण्याने आणि घासणीने पत्रा धुवा, वाळवा, मग एच (etch) प्रायमरचा, म्हणजे पत्र्याला किंचित खाऊन धरणाऱ्या प्रायमरचा, अगदी पातळ हात, इतका पातळ की खालचा पत्रा दिसत राहावा. त्यावर झिंक फॉस्फेट प्रायमर आणि मग रंग. पत्र्याच्या कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं वेगळी रंगवा.

गणपतीला तीन आठवडे उरलेत. मुंबईहून सगळे येणार. गणपतीमागची भिंत रंगवून आम्ही तिच्यावर चित्र काढतो. भिंत मातीच्या गिलाव्याची, सध्या दमट आहे. यंदा प्लास्टिक पेंट द्यावा असं मुलांचं म्हणणं.
*(कणकवली)*

श्रावणातल्या दमट भिंतीवर प्लास्टिक पेंट देऊ नका, तो दिवाळीआधी सोलेल. चुना द्या. त्याला थोडी ओल चालते, उलट लागते. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो पुन्हा दगड होतो, आणि ही क्रिया कोरड्या भिंतीवर नीट होत नाही.

पिंपात ५ लिटर पाणी घ्या आणि त्यात १ किलो चुनकळी (न विझवलेल्या चुन्याचे खडे) थोडी थोडी सोडा. चुनकळीवर पाणी ओतायचं नाही, उकळून अंगावर उडतं. प्लास्टिकची बादली नको, वितळेल. डोळ्यांवर चष्मा, मुलं लांब. २४ तास ठेवून जाड कापडातून गाळा. किलोला चमचाभर डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला आणि पांढरेपणासाठी चिमूटभर नीळ.

भिंतीवरचा सुटा चुना झाडून काढा, मातीला भेगा असतील तर मातीनेच लिंपून घ्या आणि वाळू द्या. मग पाण्याचा हबका मारून पहिला हात आडवा. दुधासारखा पातळच ठेवा. ओला असताना चुना जवळजवळ दिसणारच नाही, म्हणून पुन्हा पुन्हा लावू नका, वाळताना पांढरा होतो. जाड दिला तर खपल्या पडतात. दुसऱ्या दिवशी उभा हात, तिसऱ्या दिवशी पुन्हा आडवा. चित्रासाठी चुन्यात चालणारे मातीचे रंग घ्या, गेरू, पिवळी माती, काजळी. तिसऱ्या हातानंतर तीन-चार दिवस थांबून चित्राला सुरुवात करा, म्हणजे हरतालिकेच्या आधी आठवडाभर भिंत मोकळी मिळेल.